टू-स्ट्रोक गाडी पावसाळ्यात बंद ठेवायची आहे? पुणेकरांचे नेहमीचे प्रश्न

मे महिना संपत आला की टू-स्ट्रोकवाल्यांचे फोन सुरू होतात. कुणाकडे मुलासाठी घेतलेली छोटी डर्ट बाइक असते, कुणाकडे मातीत पळवायला तयार केलेली यामाहाची आरएक्स, कुणाकडे जपून ठेवलेली येझदी. प्रश्न मात्र बहुतेक तेच असतात. गाडी महिनाभरापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर पुढचं सगळं वाचा. पावसातही दर रविवारी चिखलात जाणार असाल तर गाडी धुणं आणि चेन एवढं सांभाळलं तरी पुरे.

परदेशी व्हिडिओंमध्ये हिवाळ्याआधी गाडी बंद करायला सांगतात. आपण पावसाळ्याआधी का करायची?

तिकडे थंडीत बर्फ पडतो, रस्त्यावर मीठ टाकतात, ट्रॅक बंद होतात. पुण्यात नेमकं उलटं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले गाडी चालवायचे सोन्याचे दिवस: हवा कोरडी, माती घट्ट, इंजिन खूश. मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकली पळवणाऱ्या सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाली तीही २०२४ च्या जानेवारीत. आपली गाडी उभी राहते ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत. त्या व्हिडिओंमधली बरीचशी कामं इथेही लागू पडतात. फरक इतकाच की ते लोक गोठण्याशी झगडतात आणि आपण दमट हवेशी. माझ्या मते आपली लढाई जास्त अवघड आहे, कारण कोरडी थंडी लोखंडाला फारसं काही करत नाही. जुलै-ऑगस्टची हवा मात्र रोज थोडी थोडी आत शिरत राहते.

स्प्लेंडर किंवा अ‍ॅक्टिव्हाला कुणी एवढं करत नाही. मग टू-स्ट्रोकचेच लाड का?

फोर-स्ट्रोकमध्ये क्रँक (पिस्टनच्या खाली-वर हालचालीने फिरणारा दांडा) आणि बेअरिंगं ऑइलने माखलेली असतात आणि तळाला ऑइल साठलेलं असतं. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरते त्या खोक्यात, असा साठाच नसतो. तिथून हवा आणि पेट्रोल जातं, आणि त्यासोबत जे थोडं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकसाठीचं खास ऑइल) येतं त्यावरच क्रँकची बेअरिंगं, बिग एंड (कनेक्टिंग रॉडचा क्रँककडचा सांधा) आणि पिस्टन जगतात. गियरचं ऑइल शेजारच्या वेगळ्या खान्यात असतं, त्याचा क्रँकला काही उपयोग नाही.

गाडी बंद केली की आतला ऑइलचा पातळ थर हळूहळू खाली ओघळतो. वरची बाजू उघडी पडते आणि सायलेन्सरकडून, कार्ब्युरेटरकडून दमट हवा आत येते. पावसाळाभर तशीच राहिलेली क्रँक उघडून बघा. बेअरिंगच्या चकचकीत कडीवर, जिथे गोळी टेकून बसली होती नेमका तिथे, तांबूस ठिपका दिसतो. नखाने घासून जात नाही. बेअरिंग हाताने फिरवलं की त्या जागी बारीकशी कुरकुर लागते. गाडी चालू होते, पळतेही, पण तो खड्डा मोठा होत जातो आणि ऐन हंगामात क्रँक आवाज करायला लागते. मग इंजिन पूर्ण खोलणं आलं. मे महिन्यातल्या एका दुपारच्या कामात हे सगळं वाचतं.

आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करून ठेवली तर चालेल ना?

नाही. हा सल्ला वडीलधारे देतात, वॉचमन देतात, कधीकधी मेकॅनिकही देतात, आणि सगळ्यात जास्त इंजिनं यानेच खराब होतात.

पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं. अंदाजच हवा असेल तर एक लिटर पेट्रोल पूर्ण जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. इंजिन आणि सायलेन्सर नीट तापलेले असतील तर ती वाफ निघून जाते. पाच मिनिटं जागेवर चालवलेल्या गाडीचा सायलेन्सर शेवटच्या टोकाला कोमटसुद्धा होत नाही. वाफ आतच थंड होऊन पाणी होते आणि काजळीत मुरते. तुम्ही दर रविवारी सायलेन्सरमध्ये आणि बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) ताजं पाणी सोडता आणि आधी घातलेलं संरक्षक ऑइल जाळून टाकता, असं दुहेरी नुकसान होतं. शिवाय चोक लावून चालवल्यामुळे प्लग ओला होतो तो वेगळाच.

एकतर गाडी नीट तापेपर्यंत रस्त्यावर चालवा, नाहीतर किकला हातच लावू नका.

टाकी फुल्ल ठेवायची की रिकामी?

जुना नियम होता फुल्ल ठेवायची. टाकीत हवाच उरली नाही की पत्र्याला गंज कुठून येणार, हा विचार बरोबर होता. पण तेव्हाचं पेट्रोल वेगळं होतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. टाकीच्या झाकणाला श्वास घ्यायला छिद्र असतं. रात्री गार, दुपारी गरम अशी टाकी चार महिने हवा आत-बाहेर करते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात.

फोर-स्ट्रोकमध्ये यामुळे गाडी चालू होत नाही, एवढ्यावर भागतं. ऑइल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोकमध्ये हे घातक आहे. टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं, तळाच्या पाण्या-इथेनॉलमध्ये ते जवळजवळ नसतंच. आणि कॉक पेट्रोल ओढतो तळातून. म्हणजे ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा इंजिनात जाणार ते ऑइल नसलेलं पाणीदार मिश्रण. त्यावर ती कशीबशी चालू झाली आणि तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर पिळला, तर पिस्टन सीझ व्हायला, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकून बसायला, वेळ लागत नाही.

म्हणून माझं उत्तर आहे: रिकामी. डर्ट बाइकची टाकी प्लास्टिकची असेल तर उपसा, झाकण लावा, झालं. आरएक्स, येझदी, जावाची टाकी पत्र्याची असते. ती रिकामी करून उन्हात पूर्ण कोरडी करा, मग त्यात शंभरेक मिली टू-टी ऑइल ओतून टाकी सगळ्या बाजूंनी फिरवा, वरच्या भिंतीलाही ऑइल लागलं पाहिजे. उरलेलं ऑइल काढून घ्या. हे काम मेमध्येच करा, कारण जूनमध्ये टाकी वाळवायला ऊन मिळत नाही.

कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल कॉक बंद करून, गाडी चालू ठेवून संपवलं तर?

फोर-स्ट्रोकला चालतं. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेल्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल संपत आलं की ऑइलही संपत येतं. शेवटच्या काही सेकंदांत आवाज आपोआप चढतो तो ऐकला असेल. तेव्हा इंजिनात हवा जास्त आणि ऑइल नावापुरतं असतं. चार महिने उभं राहण्याच्या अगदी आधी बोअर कोरडी करून ठेवण्यात काय अर्थ आहे?

त्यापेक्षा इंजिन बंद करा, कॉक बंद करा आणि फ्लोट चेंबरच्या (कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या) तळाचा स्क्रू सोडून पेट्रोल खाली काढा. स्क्रू नसेल तर चेंबरच खोला. खोललंच आहे तर पायलट जेट (कमी आवाजावर पेट्रोल देणारी बारीक भोकाची नळी) काढून उजेडासमोर धरा. बारीक गोल भोक स्वच्छ दिसलं पाहिजे. गाडी चोकशिवाय उभी राहत नाही, कमी आवाजावर बंद पडते, या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा त्या एका भोकात असतं. चेंबरच्या तळाला पांढरी भुकटी दिसली तर ती पाण्याने खाल्लेल्या धातूची आहे, फडक्याने पुसून टाका. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि हवा पुरते.

काढलेल्या पेट्रोलचं काय करायचं?

ऑइल मिसळलेलं असेल तर दुसऱ्या टू-स्ट्रोकमध्ये घाला, आणि महिन्याच्या आत संपवा. बीएस-६ गाडीत मुळीच ओतू नका, तिच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला आणि ऑक्सिजन सेन्सरला ते मानवत नाही. फ्लॅटमध्ये, गॅलरीत, देवघराच्या भिंतीपलीकडे कॅन भरून ठेवणं तर नकोच. आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये टाकी उपसताना आजूबाजूला बघा. आपल्याकडे मीटरचा बोर्ड नेमका पार्किंगच्या भिंतीवर असतो. गाडी ढकलत मोकळ्यावर न्या, मगच नळी काढा.

सिलिंडरमध्ये ऑइल घालतात ते नक्की कसं?

या सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, म्हणून सावकाश सांगतो.

आधी गाडी चांगली दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा. शहरात शक्य नसेल तर पहाटे काढा. आतली सगळी ओल उडून गेली पाहिजे. घरी आल्यावर इंजिन हाताला सोसेल इतकं निवू द्या, पण गार होऊ देऊ नका. पेट्रोल आणि कार्ब्युरेटर वर सांगितल्याप्रमाणे रिकामे करा.

प्लगच्या आजूबाजूची माती हवेने किंवा ब्रशने साफ करा, नाहीतर प्लग काढताच ती आत पडते. प्लग काढा. १०० ते १२५ सीसीच्या गाडीला पाच ते दहा मिली टू-टी ऑइल त्या भोकातून सिरिंजने सोडा. औषधाच्या दुकानातली साधी सिरिंज चालते. काढलेला प्लग कॅपमध्ये घालून हेडला टेकवून ठेवा म्हणजे ठिणगीला जमीन मिळेल आणि सीडीआयवर (ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीवर) ताण येणार नाही, फक्त तो प्लगच्या भोकापासून लांब धरा. इग्निशन बंद ठेवायची सोय असेल तर ती वापरा. आता किक हाताने सात-आठ वेळा हळूहळू दाबा, लाथ मारायची नाही. ऑइल बोअरभर पसरतं, रिंगांवर जातं.

क्रँकसाठी एवढं पुरत नाही. कार्ब्युरेटर काढलेलाच असेल तर तो बसतो त्या तोंडातूनही, म्हणजे रीड व्हॉल्व्हच्या (हवा-पेट्रोल आत सोडणाऱ्या एकेरी झडपेच्या) बाजूने, पाच-दहा मिली ऑइल आत सोडा आणि पुन्हा किक हळू फिरवा. बेअरिंगांपर्यंत ऑइल पोचायची ही खरी वाट आहे, आणि बहुतेक लोक नेमकी हीच पायरी सोडतात.

प्लग लावा. शेवटी किक हळू दाबत जा, विरोध लागेल तिथे आणि त्याच्या किंचित पुढे थांबा. पिस्टन वर आलेला असला की एक्झॉस्टचं तोंड पिस्टनच्या भिंतीने झाकलं जातं आणि सायलेन्सरकडची ओल थेट आत येत नाही. मग सायलेन्सरच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी आणि रबर बँड, कार्ब्युरेटरच्या तोंडाला तसंच. टाकीवर एक चिठ्ठी चिकटवा: ‘सायलेन्सर बंद आहे, किक मारू नका.’ घरात उत्साही भाचे-पुतणे असतील तर ही चिठ्ठी फार कामाची.

नव्या डर्ट बाइकच्या सिलिंडरला आतून निकासिलचा (निकेलच्या कठीण थराचा) मुलामा असतो, तो गंजत नाही, म्हणून काही जण हे टाळतात. पण रिंगा आणि बेअरिंगं लोखंडाचीच आहेत. आरएक्स १०० ची तर बोअरही बिडाची. ती १९९६ मध्ये बंद झाली आणि चांगल्या मापातला मूळ ब्लॉक मिळणं दरवर्षी अवघड होत चाललं आहे. त्यावर गंजाची रेघ उमटू देऊ नका.

गियर ऑइल आता बदलू की पावसाळ्यानंतर?

आताच. जुन्या ऑइलमध्ये ओल आणि क्लचची झीज साठलेली असते, ती चार महिने आत कशाला ठेवायची? काढलेलं ऑइल बघा. दुधाळ असेल तर पाणी गेलंय. ओढा ओलांडताना गेलं असेल, किंवा पाण्यावर थंड होणाऱ्या गाडीत वॉटर पंपचं सील गेलं असेल. काढलेलं ऑइल मापाला कमी निघालं आणि गाडी पांढरा धूर मारत होती, तर क्लचकडचं क्रँक सील तपासा, तिथून गियर ऑइल ओढलं जातं.

कूलंटबद्दलही विचारतात. पुण्यात पारा शून्याखाली जात नाही, त्यामुळे गोठण्याची भीती नाही. तरी रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ठेवू नका, कूलंटच ठेवा. ते आतून गंज आणि क्षार धरू देत नाही.

वॉशिंग सेंटरवर धुऊन घेऊ का?

प्रेशरचा पाइप व्हीलच्या बेअरिंगवर, स्विंगआर्मच्या सांध्यावर आणि कार्ब्युरेटरवर मारू देऊ नका, पाणी सील ओलांडून आत जातं आणि तिथेच बसतं. डिझेल वॉश तर घेऊच नका. चकाकी येते, पण रबर फुगतं आणि ब्रेकवर उडालं तर धोका वेगळाच. घरी साधा पाइप, बादली, जुना ब्रश. पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर जरूर खोला. आपल्याकडची काळी चिकणमाती तिथे दगडासारखी बसते आणि मागे ओल धरून ठेवते. धुतल्यावर ऊन दाखवा आणि मगच ती तापवायला बाहेर काढा.

बॅटरी, चेन, टायर?

बॅटरी असेल तर काढून घरात कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. चेन साफ करून ९० नंबरचं ऑइल लावा. गाडी स्टँडवर घेऊन दोन्ही चाकं उचला, ते जमत नसेल तर टायरखाली फळी घाला, ओल्या फरशीवर टायर नको. केबलमध्ये वरून ऑइलचे थेंब सोडा. पुढचे शॉक पट्ट्याने दाबून बांधू नका. फोम फिल्टर धुऊन, वाळवून पिशवीत ठेवा, ऑइल हंगाम सुरू होताना लावा. डिस्क आणि ब्रेक शूच्या आसपास कुठलाही स्प्रे मारू नका.

झाकायला ताडपत्री बरी का?

बोहरी आळीतून आणलेली जाड ताडपत्री पाऊस अडवते, पण खालची वाफही अडवते. सकाळी ती उचलून बघा, आतून थेंब लोंबत असतात. छताखाली गाडी असेल तर जुनी सुती चादर सगळ्यात चांगली. उघड्यावरच ठेवावी लागत असेल तर ताडपत्री गाडीपासून हातभर वर, तंबूसारखी बांधा.

उंदरांचाही विचार करा. पाऊस लागला की ते कोरडी जागा शोधतात आणि एअरबॉक्स त्यांना फार आवडतो. तोंडं बंद असू द्या, आणि महिन्यातून एकदा सीट काढून वायरिंगवर नजर टाका.

पार्किंगमध्ये पाणी शिरलं आणि गाडी बुडाली. आता?

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत शिरलेलं पाणी, दोन्ही वेळा पार्किंगमधल्या गाड्या आधी गेल्या. नदी-ओढ्याजवळ राहत असाल तर तळघरात टू-स्ट्रोक ठेवूच नका, आणि गणपती गेले म्हणजे पाऊस संपला असं समजू नका.

बुडालीच तर पहिलं काम: किक मारायची नाही. आत पाणी असेल आणि तुम्ही जोर लावलात तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, कार्ब्युरेटर काढा, सायलेन्सर सोडा. प्लगचं भोक उघडं ठेवून किक हाताने हळू फिरवा, पाणी बाहेर येईल. मग प्लगच्या आणि रीडच्या दोन्ही बाजूंनी भरपूर टू-टी ऑइल घालून पुन्हा फिरवा. गियर ऑइल काढा, नवं भरा, थोडं चालवून तेही बदला. मॅग्नेटचं (क्रँकच्या टोकाला वीज तयार करणाऱ्या भागाचं) कव्हर उघडून वाळवा. हे पहिल्या एक-दोन दिवसांत झालं पाहिजे. पुराचं पाणी गाळाचं असतं, म्हणून गाळ आत गेल्याची शंका असेल तर चालू करायचा मोह टाळून इंजिन खोलून घ्या.

दसऱ्याच्या पूजेला गाडी चालू करायची असते. मग?

गाडी ढकलत बाहेर आणा, पुसा, हार घाला, पूजा करा. चालू करायचीच असेल तर त्याच दिवशी पूर्ण तयारी करून, पुढच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे चालवून आणा. दोन मिनिटं घुर्रघुर्र करून परत चादरीखाली ढकलू नका. पाऊस रेंगाळत असेल तर आठ दिवस थांबा.

ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा चालू कशी करायची?

पिशव्या आणि चिठ्ठी आधी काढा. पत्र्याच्या टाकीत थोडं ताजं पेट्रोल घालून खळबळवून काढून टाका, मग नवं भरा. ऑइलचं प्रमाण गाडीच्या पुस्तकाप्रमाणे. ३२ ला १ म्हणजे लिटरला साधारण ३१ मिली, ४० ला १ म्हणजे २५ मिली. झाकणाने अंदाजे मोजू नका, मापाची बाटली घ्या. ऑटोल्यूब पंप (वेगळ्या टाकीतून ऑइल आपोआप देणारा) असेल तर ऑइलच्या टाकीची पातळी बघा आणि नळीत हवेचा बुडबुडा अडकलेला नाही याची खात्री करा. पेट्रोलची नळी आणि कॉकचे रबर दाबून बघा, फुगले किंवा चिकट झाले असतील तर नाना पेठेतून नवे आणा.

जुना प्लग काढून, भोकावर फडकं धरून किक फिरवा, जास्तीचं ऑइल बाहेर येईल. तोच जुना प्लग लावून चालू करा. पहिली पाच मिनिटं धुराचे लोट निघतात, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. क्लच प्लेटा चिकटलेल्या असू शकतात, म्हणून निघण्याआधी इंजिन बंद ठेवून, गियरमध्ये क्लच दाबून गाडी मागेपुढे हलवा, सुटतात.

धूर कमी झाला की नवा प्लग लावा आणि दहा किलोमीटर शांतपणे चालवून या. सुरुवातीला पूर्ण पिळू नका. परत आल्यावर प्लग काढून रंग बघा. चहासारखा तपकिरी असेल तर सगळं जागेवर आहे. पांढराफटक असेल तर कुठून तरी हवा ओढतेय: इनटेकचं रबर तडकलंय का बघा, आणि ते ठीक असेल तर मॅग्नेटकडचं क्रँक सील. ते दुरुस्त होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.